सहेरीचं ताट

४ ऑगस्ट
मला न्याय हवाय की माझा भाऊ, अरमानभाई? 'दोन्ही एकच' म्हणत आले आजवर. त्याच्या अपिलाचा निकाल उद्या.

५ ऑगस्ट
निर्दोष! जन्मठेप रद्द!
उमापूरचे कोतवाल बद्रीनाथ वाळूच्या ट्रॅक्टरखाली गेले, भाईनंच ट्रॅक्टर घातला असा आरोप; पण त्या पहाटे भाई इथंच, गेवराईत, गॅरेजमागच्या खोलीत होता — मीच साक्ष दिली होती. रोज्यांचे दिवस. सहेरीचं, रोज्याआधी पहाटे जेवायचं ताट नेहमीसारखं त्याच्या खोलीच्या पडद्याआत सरकवलं, उजाडताना रिकामं उचललं. म्हणजे तो जेवला! बीडच्या कोर्टाला पटलं नव्हतं. हायकोर्टाच्या खंडपीठाला पटलं. वकीलसाहेब म्हणाले, "बेटा, तुझ्या साक्षीवर सुटला. शिकलेली, सरळ मुलगी — असंच लिहिलंय निकालात."
घरातली पहिली पदवीधर. कामी आली!
बद्रीनाथांची बायको विमलबाई बाहेर बाकावर होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

८ ऑगस्ट
भाई घरी आला. शेजारची संगीता — "काय वकिलीणबाई, पेढे कवा?"

९ ऑगस्ट
जेवताना भाईनं अर्धी रोटी टाकली. अम्मी वैतागली — "लई माजलास! त्या दिवशीबी अख्खं ताट बकरीला घालावं लागलं."
"कोणत्या दिवशी?" मी.
अम्मी ताटं उचलून मागं गेली. भाई हात धुवायला उठला.
मागच्या अंगणात गाठलं तिला. "त्या पहाटे पडद्याआत ताट तसंच होतं. अन्न वाया जाऊ नये म्हणून बकरीला घातलं, रिकामं ताट परत जागेवर ठेवलं."
"आणि भाई?"
"खोलीत न्हवता."
"मग कोर्टात बोलली का नाहीस?"
"तू इतकं झ्याक बोललीस, मी का म्हून मधी बोलू?"

मी खोटं बोलले नव्हते. पण तो खोलीत आहे हे पाहिलं तरी कुठं होतं? पडदा उचलून आत बघायची आमच्यात रीत नाही. शपथ घेताना हे आठवलंच नाही!

१० ऑगस्ट
भाईला विचारलं. पाना पुसत होता.
"कोर्टानं सोडलं न्हाई का? मग तू कोन इचारणारी?"
'खोलीतच होतो' असं म्हणाला नाही. एवढंच म्हणायचं होतं त्यानं!

११ ऑगस्ट
अम्मी — "सरकार वरच्या कोर्टात अपील करनार हाय म्हणतेत. पाय धरते बेटी, गप ऱ्हा."
अम्मीनं माझे पाय धरले. खरंच धरले.

१३ ऑगस्ट
सकाळी सरकारी वकिलांना लेखी जबाब दिला — त्या पहाटे भाईला मी पाहिलं नव्हतं, ताट बकरीनं खाल्लं. तिथून उमापूर. विमलबाईंना सगळं सांगून आले.