सिस्टरबाईंचे मालक

कमल, ऐकायलीस का?

काल शाळेनं मला निरोप दिला. हार, नारळ, फेटा, शाल, सगळं रीतीप्रमाणं झालं. हेडमास्तर उभे राहिले आणि माझी ओळख करून द्यायला लागले, अमुक शिकले, तमुक गावात मराठी शिकवलं. तेवढ्यात मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आरं, एवढं लांबण कामून लावायलास? सिस्टरबाईचे मालक हायेत म्हण की!"

अख्खा मांडव हसला. मीही हसलो. त्यापुढचं भाषण मला आठवतच नाही. घरी येऊन शाल काढली आणि वाटलं, हे सगळ्यात आधी तुला सांगायला पाहिजे. तुला जाऊन हा दुसरा उन्हाळा. तरी काही चांगलं घडलं की माझे पाय स्वयंपाकघराकडं वळतात. तिथं तू नसतेस. म्हणून लिहायला बसलो.

'नर्स' हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा कधी निघाला, आठवतं का गं? आपलं पहिलं बाळ गेलं त्यानंतर. गावात सरकारी दवाखान्याची खोली होती, पण नर्स नव्हती, दाराला कुलूप. बैलगाडीनं जनवाडा, तिथून जीपनं बिदर. पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. तू कशीबशी वाचलीस. सव्वा महिना भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस. मग एका सकाळी उठलीस, न्हालीस आणि म्हणालीस, "मला शिकायचं हाय. नर्स व्हायचंय."

आई तूर निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "लोकायची घाण काढायला जायलीस? आपल्या घराण्यात कुणी केलंय का असलं?"

आपलं घराणं! आजोबापर्यंत मेंढरं वळणारं! तू आवाजसुद्धा चढवला नाहीस. "मामी, मेंढी अडली की तुमी हात घालून पिल्लू काढताव. तवा घाण म्हणताव का?"

आईनं सूप परत हातात घेतलं. राजी झाली नाही, पण अडवलंही नाही. तेवढ्यावर आपण तुझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी गुलबर्ग्याची गाडी धरली.

दहावी मराठीतून झालेली तू, आणि तिथं सगळं कन्नडात नाहीतर इंग्रजीत. मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा धसका घेऊनच आलो होतो. रडशील, घरी न्या म्हणशील. तू भाकरीची पिशवी बाजूला ठेवलीस आणि माझं मनगट धरून नाडी बघायला लागलीस. "लई पळायलीय," म्हणालीस. पळणार नाही तर काय? इतक्या दिवसांनी बायकोनं हात धरला होता! तुझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काही वर्षं इकडंतिकडं काढून तू आपल्याच गावी बदलून आलीस. त्याच बंद खोलीची किल्ली तुझ्या कमरेला आली. आता खरं सांगतो, त्या दिवशी तू कुलूप काढताना मी रस्त्याच्या पलीकडं पिंपळाखाली उभा होतो. शाळेत जायला उशीर झाला, पण मी हललो नाही.

घरी मराठी, बाजारकरणींशी कन्नड, कसाईगल्लीतल्या बीबींशी दखनी. बाळंतीण ज्या भाषेत ओरडेल त्या भाषेत तू तिला धीर द्यायचीस. गाव तुला अक्का म्हणायला लागलं.

त्याच वर्षांत तरणी माणसं मुंबईला, पुण्याला, हैदराबादला बांधकामावर जायला लागली. दिवाळीला नवे कपडे, मोबाईल घेऊन यायची. त्यातला एक जण वाळून काडी होऊन आला आणि पावसाळ्याआधी गेला. मागं त्याची बायको, दिवस भरत आलेली. तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. तू लिहू दिलं नसतंस.

त्याला एड्स होता, असं गाव कुजबुजत होतं. सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवलं होतं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. एका दुपारी तिच्या कळा सुरू झाल्या. तिला बिदरला न्यायला तू जीपवाल्याला बोलावलंस. तो म्हणाला, "सिस्टर, हात जोडतो. तिला बसवलं तर उद्या माझ्या जीपमधी कोण बसल?"

तू त्याच्याशी वाद घातला नाहीस. घरी आलीस, आपल्या पलंगावरची सतरंजी उचललीस आणि गोठ्यात गेलीस. तिच्या कमरेला हात घालून तिला भर गल्लीतून चालवत दवाखान्यात आणलंस. लोक दारं लावून घेत होते. तुझी मान ताठ होती. संध्याकाळच्या आत मुलगा झाला. रोग बाळाला लागू नये म्हणून बिदरहून आधीच आणून ठेवलेलं औषध तू तिला आणि बाळालाही दिलंस, हे मला फार पुढं तिच्याकडून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना ओस पडला. "त्या हातानं आमच्या लेकराला सुई नको." पंचायतीतले एक अण्णा घरी आले, माझ्यासमोरच बसले आणि म्हणाले, "तिला काय झालंय ते गावाला कळाय पाहिजे, अक्का."

तू म्हणालीस, "ज्याचं दुखणं त्याचं असतं, अण्णा. तुमचं मी कुणाला सांगितलं का?"

अण्णा चहा अर्धा ठेवून चपला शोधायला लागले!

मी त्या रात्री तुला विचारलं, निदान मला तरी सांग. तू म्हणालीस, "तुमी मास्तर हाव. उद्या पोरांच्या परीक्षेचे पेपर मला दाखवचाल का?" मी दोन दिवस रुसून होतो. मलाही काही सांगत नव्हतीस, कमल, याचा राग आजही थोडा आहे. अभिमान त्याहून खूप जास्त आहे.

तू कुणाला समजावत फिरली नाहीस. रोज सकाळी तिच्या दारात जाऊन बसायचीस, सगळ्यांदेखत तिच्या हातचा चहा प्यायचीस, बाळाला मांडीवर घ्यायचीस. आणि रिकाम्या दवाखान्यात येऊन सुया उकळत बसायचीस.

कोंडी फोडली कुणी? माझ्या आईनं! आपल्या लेकीला, रेखाला, कडेवर घेऊन ती भर गल्लीतून दवाखान्याकडं निघाली. "माझ्या सुनंच्या हाताला काय झालंय गं? बघा म्हणावं! आदी माझ्या नातीला टोच, मग मला टोच!" म्हातारीला कसली सुई द्यायची? पण तू हसू दाबत तिला शक्तीचं म्हणून एक इंजेक्शन दिलंस. ती दंड चोळत पायरीवर दिवसभर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दंड दाखवत राहिली. आठवड्याभरात बायका लेकरं घेऊन यायला लागल्या. जीपवाल्याची बायकोसुद्धा.

पुढं दीडेक वर्षानं एका संध्याकाळी तू पुरण घातलंस. सण नाही, वार नाही. मी म्हटलं, कामून गं? "मन झालं," म्हणालीस, आणि पोळी लाटता लाटता डोळे पुसलेस. बिदरला त्या मुलाचं रक्त तपासलं होतं आणि त्यात काहीच निघालं नव्हतं, हेही तू सांगितलं नाहीस.

एवढं सगळ्यांचं जपलंस, मग स्वतःची गाठ का लपवलीस गं? गावातल्या बायांना दरडावायचीस, "दुखत नसलं तरी दाखवाय पाहिजे." आणि स्वतः? सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? यावर मी तुझ्याशी भांडणार होतो. तू वेळच दिला नाहीस.

तू गेलीस त्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका तुला आंघोळ घालायला जमल्या, आणि गोठ्यातून तू चालवत आणलेली ती पुढं आली. "अक्काला पाणी मी घालणार." कुणीतरी तोंडातल्या तोंडात काही बोललं. तेव्हा ती वळली. कधी मान वर न करणारी ती बाई सगळ्यांकडं बघत म्हणाली, "मला काय झालंय ते तुमी ओळखून हाव. अक्कानं मरेपतोर कुणाला सांगितलं न्हाई. आज मीच सांगायलेय. व्हय, मला तो रोग हाय. माझ्या लेकराला न्हाई. अक्कानं वाचवलं त्याला."

मग माझी म्हातारी आई काठी टेकत उठली, तिनं भरलेली घागर तिच्याकडं सरकवली आणि म्हणाली, "घाल, माय."

तिनं तुझं तोंड धुतलं, केस धुतले, एकेक बोट धुतलं. बाकीच्या बाया तिच्या हातात पाणी देत राहिल्या.

ती आजही बिदरला औषधाला जाते, एकटीच. दीर सोबत येत नाही, आणि पोराला ती नेत नाही. काल निरोपाचं जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, आता मला शाळा नाही, मी येत जाईन. ती म्हणाली, "मास्तर, लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणू दे.

येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं निघतोय. तुला वचन देतो, माझे पाय चालतायत तोवर तिला एकटीनं जावं लागणार नाही. तुझं काम मला येत नाही, कमल. पण कुणाच्या शेजारी बसून जाणं, तेवढं येतं.

तुझाच,
माणिक