पानं कोणी पेटवली

नागपूर,
९ मार्च २०२५

चि. कामिनीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

रोज फोन होतो, मग बाबांना पत्राचं काय खूळ सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू "जेवलात का" विचारतेस, मी हो म्हणतो, आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून कागद घेतला.

इकडे ऊन तापायला लागलं. कडूनिंबाची पानगळ जोरात आहे. तुम्ही पुण्याला गेल्यापासून रितिकाला दम्याचा त्रास नाही, हे बरं झालं. तरी पंप तिच्या दप्तरात असू दे.

बातमी म्हणजे, कॉलनीने मला स्वच्छ हवा समितीचा अध्यक्ष केलं. पानं जाळू नका, खड्ड्यात कुजवा, दुधाच्या पिशवीसाठी गाडी काढू नका, असं घरोघरी सांगत फिरतो. लोक टाळ्या वाजवतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

देवकीच्या जागी आलेली बाई धड झाडत नाही. देवकी आता बसने कोराडीला जाऊन भांडी घासते म्हणे.

रितिकाला त्या सकाळी तातडीने नेलं, तेव्हा रामदासपेठच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घराजवळ कोणी काही जाळतं का. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, झाडणारी देवकी पानं पेटवते. घरी येताच तू तिला गल्लीदेखत फैलावर घेतलंस. दुसऱ्या दिवशी कॉलनीने तिला काढलं.

ती तुला एवढंच म्हणाली, "बाई, मी ढीग करून ठेवतो. आग मी नाई लावत." मग माझ्याकडे वळली. "बाबूजी, तुमीच सांगा ना यायले."

मी चप्पल घालून दुधाला निघून गेलो.

कामिनी, आग मी लावत होतो. रोज सकाळी, तू आंघोळीला गेलीस की. गावी, कुहीला, आई गोठ्यात कडूनिंबाचा धूर करायची, डास पळायचे. शेजारी डेंग्यू झाला तेव्हापासून मी तोच धूर रितिकाच्या खिडकीखाली करू लागलो. ढिगात कुरकुऱ्यांची पाकिटं असायची, तीही जळायची. तू दोनदा हटकलंस, मी तुला हो म्हणालो आणि करतच राहिलो. पोरीसाठी करतोय याचा मला गर्व होता.

देवकीच्या दारात जायला माझे पाय उचलत नाहीत. पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला, समितीची बैठक आहे. त्याआधी या पत्राचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाक. माझ्या हातून ते होणार नाही. तू त्या बाईला जे बोललीस, ते माझ्यामुळे बोललीस. ते पाप माझं, पण शब्द तुझे होते, याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक राहिलं. त्या सकाळी रितिकाचे ओठ निळे पडले, ती "आजोबा" म्हणून हाक मारत होती, तेव्हा खाली निखारे धुमसत होते. मी आधी बादली घेतली. निखारे विझवले, राख पायाने पसरली, आणि मग तिला उचलायला वर आलो.

तिला इकडे पाठवू नकोस.

वामन