सात पात्यांची असमान अंतरे

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा भाचा जेन्सन याने मी घडवलेले पंख्याचे पितळी नमुना-चाक मला न विचारता दुरुस्त केले. म्हणून मी, प्रिस्का डाबरे, वय ७१, राहणार बोळिंज, पंख्यांच्या कारखान्यातील निवृत्त तपासनीस, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहता फ्लॅट बहीण फ्लॉसीला. तिच्या श्वासाच्या यंत्रातला पंखा दिवसभर शीळ घालायचा. सारख्या अंतरावरची पाती आधाराच्या दांड्यांसमोरून ठरावीक वेळाने जातात, म्हणून एकच सूर कानात घुसतो. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हांला लाकडी जिन्यावरून एका तालात पावले टाकत उतरू देत नसत. चाळीस मुलींच्या टाचांनी छप्पर हादरे. पावले विस्कटली की नुसती कुजबुज. मी नमुना-चाकावर सात पात्यांची अंतरे तशीच कमीजास्त केली, कथलाच्या थेंबांनी तोल साधला आणि त्यावरून पंखा ओतला. हवा तेवढीच, शीळ गेली. फ्लॉसी कित्येक महिन्यांनी दुपारची झोपली.

२. तो पंखा तडकला. त्याच चाकावरून दुसरा ओतायला जेन्सनला सांगितले. जेन्सन फ्लॉसीचाच मुलगा, शिकलेला इंजिनिअर. त्याने चाकाची पाती सोडवून, मोजून, सारख्या अंतरावर जोडली. वर म्हणाला, "मावशी, तुझा हात थरथरतो ना, अंतरं चुकली होती. केली सारखी." हात थरथरतो, डोके नाही. नवा पंखा लावल्यावर फ्लॉसी एवढेच म्हणाली, "प्रिस्का, परत तीच शीळ गं."

३. हत्यारे व पात्यांमधल्या कोनांची वही जुनी सहकारी पॉलिन हिला. ती आधी ऐकते, मग बोलते. कोनमापक जेन्सनला, आठवण म्हणून.

४. वसई पूर्वेचा गाळा जेन्सनलाच, कारण कथील लावण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. अट एकच: चाक माझ्या कोनांप्रमाणे पूर्ववत व्हावे. न झाल्यास गाळाही पॉलिनला.

सही: प्रिस्का डाबरे
साक्षीदार: रॉकी तुस्कानो, क्रिस्टीना लोपीस (दोघांनी माझ्यासमक्ष सही केली)
बोळिंज, विरार पश्चिम, १८ फेब्रुवारी २०२५

प्रत: जेन्सन. कोनांची नक्कल सोबत आहे. आईच्या यंत्राशेजारी दहा मिनिटे बसावे. काय ऐकू आले आणि चाक कधी पूर्ववत होणार, ते २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाचपूर्वी सहीनिशी लेखी कळवावे. फोन घेतला जाणार नाही.