माझ्या हाताचं पिस्तूल

बाबा, रविवारी सकाळी आई कणिक मळत असायची आणि तुम्ही दुकानातलं गिऱ्हाईक सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन यायचात. परातीतला एक गोळा उचलून त्याच्या हातात द्यायचात. "धरा. हत्यार धरता तसं धरा. दाबा. आता सोडा." आई वर न बघताच म्हणायची, "झालं, आजही दोन पोळ्या कमी." बोटांचे खड्डे पडलेला तो गोळा खिडकीत वाळत राहायचा, आणि तुम्ही त्यावरून शिसमाच्या लाकडात त्याच हाताची मूठ कोरून काढायचात. तेव्हा नागपुरात बाहेरून काही येत नसे. कुणाच्या जुन्या विलायती पिस्तुलाची मूठ फुटली किंवा स्प्रिंग मेली, की ते एकतर कपाटात पडून राहायचं, नाहीतर तुमच्याकडे यायचं.

मला त्यात काही नवल वाटत नसे. बाकीच्यांचे वडील बँकेत जायचे, माझे वडील लोकांच्या मुठी करायचे, इतकंच. एकदा शाळेतल्या सिस्टरनी चॅपलच्या हार्मोनियमची स्प्रिंग तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवली. तुम्ही नवीनच करून दिलीत, तेव्हा त्यांनी प्रार्थनेनंतर माझ्या हातात प्लम केक ठेवला आणि म्हणाल्या, "टेल युअर फादर, इट सिंग्ज." मी घरी येऊन तसंच सांगितलं. तुम्ही कानस खाली न ठेवता म्हणालात, "सिंग्ज म्हणजे करकरते का?"

हे सगळं आता आठवतंय, कारण या वयात मी स्वतःसाठी पिस्तूल घेतलं. तुम्ही दचकाल म्हणून आधी सांगते, स्वतःला माणसांपासून राखायला नाही, कागदावर भोकं पाडायला. मी ॲमस्टरडॅमशेजारी डीमनला राहते, लेक जवळच राहते. जावई तुम्हाला आवडला असता, तो काहीही दुरुस्त करू शकत नाही आणि तसं कबूल करतो. आमचे हे गेल्यावर मी हार्लेमजवळच्या एका नेमबाजी क्लबात जायला लागले. पहिल्या दिवशी तिथे तेलाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले. तो तुमच्या शर्टाचा वास होता. लेक म्हणते, "आई, इतर आज्या स्वेटर विणतात." मी तिला म्हणते, मला विणता येत नाही, तुला माहीत आहे.

इतकी वर्षं क्लबचं पिस्तूल वापरून चाललं. मग करोना आला. आधी क्लबच बंद झाला, आणि उघडला तेव्हा नवा नियम आला. एकाच्या हातातलं हत्यार दुसऱ्याच्या हातात जाणार नाही, ज्याचं स्वतःचं असेल त्यानेच यावं. त्यातच माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात बसला. आमच्या क्लबात शिकवणारी डच बाई माझ्याच वयाची, दार अडेल अशा बांध्याची आणि तोंडाची फटकळ. तिचा एक नियम आहे: ज्याला स्वतःच्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, स्वतः मागे खेचता येत नाही, त्याने नेमाच्या रेषेवर उभं राहायचं नाही. "तुझ्यासाठी मी तो मोडणार नाही," तिने फोनवर सांगितलं. "तुझ्या सामोशांसाठीसुद्धा नाही." म्हणजे मला खेचता येईल असं पिस्तूल मिळालं तर मी तिथे जाऊ शकणार होते, नाही मिळालं तर तो वास, ती जागा, सगळं संपलं.

परवान्यासाठी पोलीस घरी पिस्तूल ठेवायची तिजोरी बघायला आला. तोंडाला मास्क, हातात मोजे, वयाने अगदी कोवळा. तिजोरी भिंतीला नीट ठोकली आहे ना, हे त्याने हलवून पाहिलं आणि मग दारावर बोट ठेवून काळजीने विचारलं, "मेव्हरौ," म्हणजे बाईसाहेब, "इथे गंज धरलाय का?" बाबा, खंडेनवमीला मी रिकाम्या तिजोरीलाच हळद-कुंकू लावून ठेवलं होतं. मी समजावून सांगितलं की वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो. तो थोडा विचार करून म्हणाला, "पण आत तर काहीच नाहीये." मी म्हटलं, "म्हणून तर तुम्ही आलात." त्याने सही केली.

दुकानात वेळ ठरवून जायचं होतं. ती डच बाई बरोबर आली, दुकानदार काउंटरपलीकडे काचेमागे. त्याने फेल्टच्या तुकड्यावर दोन छोटी पिस्तुलं ठेवली. एक पोलादी, जुन्या घडणीचं, देखणं. हातात घेतलं आणि बोटं आपोआप जागेवर बसली. दुसरं काळ्या प्लॅस्टिकच्या अंगाचं, कुरूप म्हणावं असं. तुमचं वाक्य मला पाठ होतं: हत्यार घेताना हत्यार बघू नये, त्याला दुरुस्त कोण करणार ते बघावं. म्हणून मी विचारलं, "याचे सुटे भाग?" दुकानदार हसला. पोलादीचे भाग परदेशातून मागवावे लागतात, आणि सध्या सगळंच अडकलंय, कधी येतील सांगता येत नाही. काळ्याचे? त्याने मागच्या भिंतीकडे हात केला.

आधी मी दोन्ही खेचून पाहिली. पोलादीची स्लाइड अर्ध्यावर अडली. काळ्याची तर हललीच नाही, आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की मास्कच्या आत माझे ओठ मिटले. बाईने पाहिलं. तिने नजर दुकानदाराकडे वळवली, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी पिशवीतून डबा काढला. दुकानदार म्हणाला, "मेव्हरौ, इथे खायला परवानगी नाही सध्या." मी झाकण उघडून त्याला कणकेचा गोळा दाखवला. सकाळी मळला होता आणि मुठीत दाबून ठेवला होता. "हा माझा हात आहे," मी म्हटलं. बाई म्हणाली, "हिचं डोकं फिरलंय असं नाही, ही अशीच आहे." पण दुकानदाराने तो गोळा दोन्ही हातांनी असा उचलला की मला तुमचीच आठवण झाली. त्याने भिंतीतला एक कप्पा ओढला. आत मुठीवर मागून बसवायच्या पाठी, लहान, मध्यम, मोठ्या, जाड, बारीक. एकेक तो कणकेला लावून बघत गेला. दुसरा कप्पा ओढला, तर त्यात नुसत्या स्प्रिंगा. प्रत्येक वेगळ्या ताकदीची, छोट्या पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी. तिसऱ्यात खटके, नेम धरायच्या माश्या, पिना. बाबा, ती भिंत छतापर्यंत होती. आणि हे सगळं मूळ कारखान्याने नाही, भलत्याच लोकांनी केलेलं, कुठे कुठे बसून, कुणाच्या तरी आखूड बोटासाठी, दुखऱ्या अंगठ्यासाठी.

त्याने एक नरम स्प्रिंग आणि सगळ्यात लहान पाठ बसवली. "हलकीच काडतुसं घाला," म्हणाला, आणि पिस्तूल माझ्याकडे सरकवलं. मी खेचलं. स्लाइड मागे आली, बाबा. पूर्ण मागे.

"पुन्हा," बाई म्हणाली. मी पुन्हा खेचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा खेचलं तेव्हा ती म्हणाली, "बुधवारी ये. आणि सामोसे आण."

मला रडू आलं ते स्प्रिंगमुळे नाही, त्या भिंतीमुळे. एका तारेची नीट ताकद यावी म्हणून तुम्ही ती तापवायचात, विझवायचात, मोडायचात, पुन्हा दुसरी घ्यायचात. अख्ख्या जिल्ह्याची ती भिंत म्हणजे तुम्ही एकटे होतात. एक मोरी, एक भट्टी, एक खिडकी, आणि आईची परात. मी त्या भिंतीसमोर उभी होते आणि मला पहिल्यांदा तुमचा आकार कळला. चर्चमध्ये मान वर करून बघतात तशी मी बघत राहिले. दुकानदाराला वाटलं, मला अजून काही हवंय.

सुंदर पोलादी पिस्तूल मी परत सरकवलं. काळं घेतलं. त्याची लहान पाठ तळव्याच्या मुळाशी जराशी पोकळ राहते, तुम्ही ते चालू दिलं नसतंत. मी चालवून घेते.

आता शेवटचं. इथे परवाना माणसाबरोबर संपतो, हत्यार लेकीला ठेवता येत नाही, म्हणून आत्ताच ठरवून ठेवते. पिस्तूल त्या डच बाईला द्यायचं, तिच्याकडे परवाना आहे. पण आधी त्यात मूळची कडक स्प्रिंग परत बसवायची, तिचे हात दणकट आहेत. लहान पाठ दुकानदाराला, त्याच्या कप्प्यात परत. तुमची बारीक कानस लेकीला, ती तिने नखांना वापरली तरी चालेल. नरम स्प्रिंग क्लबच्या कपाटात, पुढे जिचा अंगठा दुखेल तिच्यासाठी. तिथे ती का ठेवली हे मात्र लेकीला कुणी सांगू नये. माझा अंगठा बरा झाला, असं मी तिला सांगितलंय.