बंद डिकी आणि माझा साखरपुडा

१४ ऑक्टोबर १९६४, खंडेनवमी. वाई.
मोटारीची यथासांग पूजा केली. लोक बॉनेटला कुंकवाचं बोट लावून मोकळे होतात. मी चाकं, हॉर्न, वायपर, काही सोडलं नाही. डिकीच्या कुलपात तर तुपात कालवलेलं कुंकू काडीने अगदी आतपर्यंत भरलं. करायचं तर असं.
त्याआधी शालू, अंगठी आणि साखरेचा पुडा डिकीत ठेवून कुलूप घातलं होतं. साखरपुडा पंचवीसला, सांगलीत. आई म्हणाली, इतक्या लवकर कशाला? म्हटलं, घरात उंदीर. डिकी म्हणजे तिजोरी.
गोदावरीला पाहायला गेलो तेव्हा तिने एकच विचारलं होतं, मोटारीतलं काही कळतं का? मी म्हटलं, सगळं.

१५ ऑक्टोबर, दसरा.
किल्ली आत जात नाही. किरकोळ बाब. उद्या पाच मिनिटांत उरकतो.

१७ ऑक्टोबर.
काल वेळ मिळाला नाही. आज खोबरेल ओतलं. किल्ली गेली, फिरली नाही. वास छान येतो.

१९ ऑक्टोबर, सकाळी ८.
आईच्या अंबाड्यातला आकडा घेतला. आता आकडाही आत.
नाथाजी फिटर सायकलवरून उतरला. म्हणाला, "आवं सायेब, डिकी अडकलीया व्हय? दोन मिन्टात काढतो की." म्हटलं, कुलपाची परीक्षा घेतोय. तो बराच वेळ उभा राहिला. लोकांना उद्योग नसतात.

२१ ऑक्टोबर.
नवी पद्धत: धक्का. रिव्हर्समध्ये गाडी उंबराच्या झाडाला हलकेच टेकवली. डिकी उघडली नाही. बंपर थोडा आत गेला, पण गाडी त्यामुळे आटोपशीर दिसते.

२३ ऑक्टोबर.
डिकीच्या फटीतून मुंग्यांची रांग. आत रिकाम्या जातात, बाहेर साखर घेऊन येतात. म्हणजे आत जायला वाट आहे! तत्त्वतः मी निम्मा जिंकलोच.

२४ ऑक्टोबर, दुपारी.
आईला अजून सांगितलेलं नाही. विनाकारण काळजी करते. साताऱ्यापुढे रस्ता खराब आहे, खड्ड्यांनी डिकी आपोआप उघडेल. म्हणून तर नाथाजीला बोलावलं नाही.
गोदावरी मला फार आवडली आहे. तिने नाही म्हटलं तर काय, या विचाराने जेवण गेलं नाही. (उकाडा असावा.)

२५ ऑक्टोबर, सांगली, दुपारी ३.
खड्डे भरपूर मिळाले. डिकी जशीच्या तशी.
मुहूर्त अकरा दहाचा. पावणेअकराला तिचे वडील आप्पासाहेब म्हणाले, सामान आत घ्या. म्हटलं, डिकी तापली आहे, निवू द्या. अकराला परत म्हणाले. म्हटलं, निवतेय. भटजी घड्याळ बघायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गोदावरी स्वतः अंगणात आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला उघडता येत नाही का?"
म्हणालो, "नाही येत. दहा दिवस झाले."
ती खो खो हसली. इतकी, की पदर तोंडाला लावावा लागला. मग त्यांच्या गुऱ्हाळावरच्या हरिबाला हाक मारली. तो म्हणाला, "त्यात काय हाय? मागली शीट काढली की झालं!" आणि काढली. आतून हात घालून शालू, अंगठी, मुंग्यांसकट पुडा, सगळं बाहेर. अकरा आठ.
गोदावरी तिच्या आईला म्हणाली ते मी ऐकलं: "यांना खोटं नीट बोलता येत नाही. चालतील."
अंगठी घातली! माझी प्रामाणिक बाजू तिच्यापुढे यावी म्हणूनच मी डिकी इतके दिवस बंद राहू दिली, हे आता लक्षात येतं.

२६ ऑक्टोबर, वाई.
निघताना सीट परत बसवायला हरिबा पुढे आला. मी त्याला बाजूला केलं. गोदावरी ओसरीवरून बघत होती. तासाभराने सीट टपावर बांधली. आप्पासाहेबांनी गाडी चालवायला हरिबालाच बरोबर दिलं. आई पुढे बसली. मी मागे, नुसत्या पत्र्यावर, सांगली ते वाई.
आजची नोंद उभ्याने लिहीत आहे.