लिदीविना घागर

आबा, अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली की मी कुंभाराची लेक बाजारात विकतची घागर बोटाने वाजवत उभी राहते. गेलेल्या माणसाला पाणी पोचावं म्हणून त्या दिवशी घागर भरतात, आता ती तुमच्याच नावाने भरायची असते. तिथेच मला रडू येतं.

सिरॅमिकच्या कॉलेजातून त्या उन्हाळ्यात पारोळ्याला आले, तेव्हा तुम्ही अंगणात चिखलात घोड्याची लीद तुडवत होतात. मी लगेच शहाणपणा पाजळला. लीद भट्टीत जळते, छिद्रं राहतात, भांडं कच्चं होतं. तिच्याऐवजी बारीक रेती घाला, आच वाढवा. आईने कपाळावर हात मारला. तुम्ही हसलात. "तू शिकेल शे बेटा, तू सांगशी तसं करू." आणि आखाजीचा सगळा माल तसाच भाजलात. घागरी निघाल्या त्या तांब्याच्या हंड्यासारख्या खणखणीत. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण पाणी गार होतं ते त्या छिद्रांतून पाझरतं म्हणून, हे मला सुचलंच नाही. तेव्हा फ्रीज होता कुणाकडे? आखाजीच्या दुसऱ्या दिवशी माणसं दारात आली. त्यांत एक म्हातारी होती, तिचा नवरा त्याच वर्षी गेलेला. घागर ओट्यावर ठेवून ती रडायलाच लागली. "आबा, मना माणूसले मी गरम पानी पाजं."

मी दाराआड उभी आहे. तुम्ही तिच्यासमोर हात जोडता. "मनाच हात चुकना, अक्का. दुसरी देस." दोन पावलं टाकली असती तर ओट्यावर आले असते. नाही आले. तुम्ही घरात येऊन फक्त म्हणालात, "जेवी ले." एक शिवी हासडली असतीत तर मी सुटले असते हो. पुढे गावभर झालं, आबाचा हात गेला. पुढच्या भाजणीचा आवा लावायच्या आतच तुम्ही गेलात.

आता प्रयोगशाळेत पाणी गाळायच्या मातीच्या नळ्या करते. छिद्रं राहावीत म्हणून मुद्दाम लाकडाचा भुसा मिसळते. लोक मला मॅडम म्हणतात.

त्या मालातली एक घागर माझ्याकडे आहे. ती भरायचा धीर होत नाही. परवा मुलाने विचारलं, "आजोबांनी केलेली आहे ना, मग हीच का नाही भरत?"

मी म्हटलं, "त्या वर्षी आबांचा हात चुकला होता."