तो आमच्या दारात नव्हता

मी, बान इप्पुन, मयत यू दकसू यांची पत्नी, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार सोल्मे गाव, चर्चमागचे निळ्या छपराचे घर, आज नोटरी श्री. सक यांच्यासमोर माझ्या पश्चात काय कोणाचे, ते सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. सकाळी शिंपल्यांची पेज पोटभर घेतली आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. धाकटा मुलगा फोनवर "आई, आत्ताच कशाला हे अभद्र" म्हणत होता. म्हणजे दडपण असलेच तर ते उलट दिशेने होते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे धरावे.

कलम पहिले. राहते घर थोरला मुलगा यू ग्वांजे याला द्यावे. मागच्या खोलीचे छप्पर गळते, हे त्याला ठाऊक आहे. पुढेमागे घर विकायचे झाल्यास घेणाऱ्याला ते आधी सांगावे, पावसाळ्याची वाट बघू नये.

कलम दुसरे. अंगणातले सोयाबीनचे आणि मिरचीचे सगळे रांजण, झाकणांसकट, थोरल्या सुनेला. तिच्या हाताला माझ्यापेक्षा चांगली चव आहे. हे मी तोंडावर कधी म्हटले नाही. आता लेखी घ्यावे.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते धाकटा मुलगा यू सन्योल याला. तो शहरात पाळक आहे, पगार बेताचा, मुले शिकायची आहेत. चर्चच्या मंडळीला आवडेल तेच बोलायचा मोह त्याला होतो, हे मी त्याची प्रवचने ऐकून सांगते. माझ्या अंत्यविधीला तो बोलणार असेल तर त्याने माझ्या आईबद्दल बोलावे, माझ्याबद्दल नको. आईबद्दल बोलताना वाढवून सांगायची गरज पडत नाही.

कलम चौथे, खाडीकडचे शेत. हे लांबणार आहे. श्री. सक यांनी पेन खाली ठेवून बोटे मोडून घेतली आहेत.

शेत माझ्या बाबांचे, बान ग्यूसक यांचे. मी एकुलती एक, म्हणून माझ्याकडे आले. शेजारचे शेत क्वाक छिल्सोंगचे. या माणसाने आम्हाला सुखाने बांधावर उभे राहू दिले नाही. दरवर्षी पेरणीच्या आधी बांधाचे दगड आमच्या बाजूला सरकवायचे, बाबांनी हटकले की शिव्या घालायच्या. आमचा पिवळा कुत्रा त्याने फावड्याने मारला. बाबा चर्चमध्ये सेवक होते. त्यावरूनही तो रस्त्यात ओरडायचा, "काय रे, तुझा येशू बांध मोजायला येणार का?"

मग १९५० साली उत्तर-दक्षिणेची लढाई आली. उत्तरेची कम्युनिस्ट फौज गावात शिरली आणि क्वाक दंडावर त्यांची लाल पट्टी बांधून हिंडू लागला. फौज माघारी फिरायला लागली, तेव्हा जाता जाता त्यांच्या बाजूच्या डोंगरातल्या टोळ्यांनी चर्चच्या लोकांना घराघरांतून बाहेर काढले. आमच्या दारात ते दुपारी आले. मी परसात मुळे धूत होते. मला आवाज ऐकू आले, दार दिसले नाही. आई बाबांच्या मागे उंबऱ्यावर उभी होती.

"अजून येशूला मानतोस का?"

"मानतो."

"नाही म्हण. एकदा नाही म्हण, आम्ही पुढच्या घरी जातो."

"नाही कसं म्हणू? मानतो ना मी," बाबा म्हणाले. कोणी वाट विचारावी आणि आपण सांगावी, तशा आवाजात. मग त्यांनी रबरी बूट घातले आणि ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांना आणि इतरांना किनाऱ्यावर मारले. भरती येण्याआधी आम्ही त्यांना उचलून आणले.

थोड्याच आठवड्यांनी आपले, दक्षिणेचे पोलीस परत आले. त्यांनी संशयितांना गावाच्या खळ्यावर रांगेत उभे करायचे ठरवले. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनी येऊन ओळखायचे. ज्याच्याकडे बोट दाखवले जाई त्याला डोंगराच्या कडेला नेत आणि तो परत येत नसे. क्वाक त्या रांगेत होता.

त्या सकाळी एल्डर मिन थेसप आमच्याकडे आले. मंडळीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्यांचा सख्खा भाऊ बाबांच्या शेजारी मारला गेला होता.

"इप्पुनच्या आई," ते म्हणाले, "आज खळ्यावर तुम्ही काही बोलायचं नाही. क्वाकपाशी आल्यावर अधिकारी विचारेल, तेव्हा नुसती मान हलवा."

आई म्हणाली, "तो आला नव्हता, एल्डर."

"आला नसेल. पण आलेल्यांना घर कुणी दाखवलं असेल?"

"ते मला माहीत नाही."

"माझा भाऊ गेला. तुमचा नवरा गेला. आणि हा लाल पट्टी बांधून मिरवत होता. असल्या माणसाबद्दल देव तुम्हाला जाब विचारणार नाही."

"त्याच्याबद्दल नाही विचारणार," आई म्हणाली. "माझ्याबद्दल विचारेल."

मला त्या दिवशी क्वाक मेलेला हवा होता, हे इथे नोंदवते. मी आईबरोबर खळ्यावर गेले ती तो मरताना बघायला.

अधिकारी तरुण होता आणि फार थकलेला होता. तो क्वाकसमोर थांबला. "बाई, हा होता?"

क्वाकचे ओठ पांढरे पडले होते. त्याने आईकडे पाहिलेसुद्धा नाही. आपले काय होणार, हे त्याने गृहीत धरले होते. सगळे गाव आईच्या मानेकडे बघत होते.

"हा आमच्या दारात नव्हता," आई म्हणाली.

"नीट आठवा."

"आठवलं. नव्हता."

"याचं तुमच्या नवऱ्याशी वैर होतं, असं सगळे सांगतात."

"होतं. बांध सरकवायचा. शिव्या द्यायचा. आमचा कुत्रा मारला. दंडाला पट्टीही बांधली होती, ती मी पाहिली. हे सगळं लिहून घ्या साहेब, खरं आहे. मला हा माणूस आवडत नाही. पण तो आमच्या दारात नव्हता."

मागून कोणीतरी किंचाळले, "नवऱ्याला विकलंस!" अधिकाऱ्याने हात वर केला. "मग कोण होतं?"

इथे आईने एकदा शेजारी पाहिले. 

"बाकीचे बाहेरचे होते. ओळखीचा एकच. माझ्या बहिणीचा मुलगा, ब्योंगहो."

मावशी आमच्यापासून दोन हातांवर उभी होती. ब्योंगहो फौजेबरोबर केव्हाच उत्तरेला निघून गेला होता. त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. पण त्या दिवसापासून मावशीच्या घरावर लाल म्हणून शिक्का बसला. तिच्या दुसऱ्या मुलाला सरकारी नोकरी मिळाली नाही, मुलीचे ठरलेले लग्न मोडले. खळ्यावरून परतताना मावशी म्हणाली, "ताई, तुला गप्प बसता आलं असतं."

"मला विचारलं गं," आई म्हणाली, आणि तिथेच रस्त्यात खाली बसून रडली. बाबांना पुरले तेव्हा ती इतकी रडली नव्हती. मावशीने पुन्हा आमच्या घरात पाऊल टाकले नाही. माझा चांदीचा केसांचा काटा मावशीची मुलगी कान्नान हिला द्यावा. ती मात्र येत राहिली.

क्वाकला गोळी घातली नाही. पट्टीबद्दल तुरुंगात धाडले. आम्हाला कोणी काही शिक्षा केली नाही. नुसते बोलणे सोडले. रविवारी चर्चमध्ये आई तिच्या नेहमीच्या चटईवर बसायची आणि भोवतालच्या चटया रिकाम्या राहायच्या. ती तरीही मोठ्याने गायची. एकदा एका बाईने दारातच अडवून विचारले, "तुम्हाला नवऱ्याचं दुःख नाही का हो?" आई म्हणाली, "आहे," आणि चपला घातल्या.

मी तिला एकदा रागाने विचारले होते. आम्ही मासळी वाळत घालत होतो. "त्या क्वाकसाठी तू एवढं सगळं घालवलंस?"

"मी त्याच्यासाठी बोलले नव्हते."

"मग कुणासाठी?"

"तुझ्या बाबांना एक प्रश्न विचारला. त्यांनी खरं उत्तर दिलं आणि त्यापायी ते गेले. त्यांच्याच नावावर मी खोटं बोलू? मग ते कशासाठी गेले गं?"

 तेव्हापासून मी तिच्या मागून नव्हे, तिच्याबरोबर चर्चला जाऊ लागले.

क्वाक काही वर्षांनी सुटून आला. सुधारून आला असे लिहायला मला आवडले असते. पहिल्याच हंगामात त्याने दगड सरकवले. मी आईला म्हटले, "बघ, हे तुझ्या उपकाराचं फळ." ती तडक बांधावर गेली.

"छिल्सोंग! दगड मागे घे!"

"मी काही तुझे उपकार मानणार नाही, म्हातारे!"

"मी कुठं मागितलेत? दगड मागे घे!"

त्याने अर्धे मागे घेतले. अर्धे आजही तिथेच आहेत. तेव्हा खालीलप्रमाणे आणि याच क्रमाने नोंद व्हावी: बांधालगतची ती पट्टी मोजणीप्रमाणे आमची आहे. ती मी क्वाकची नात क्वाक मीरान हिला देत आहे. ती तिथे तीळ चांगले पिकवते. क्वाकला मी पूर्ण क्षमा केली, असे मात्र कोणी माझ्या शवपेटीजवळ बोलू नये. आईला ते लवकर जमले. माझा प्रयत्न चालू आहे.

कलम पाचवे. उरलेले शेत सोल्मेच्या मंडळीला, किनाऱ्यावर मारल्या गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ उभारण्यासाठी, पण एका अटीवर. मंडळीच्या तरुणांनी दगडावर कोरायचा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात क्वाक छिल्सोंगने घात केला असे आहे, आणि सगळे जण स्तोत्रे गात मरणाला सामोरे गेले असेही आहे. पहिल्याला कोणी साक्षीदार नाही; तो आमच्या दारात नव्हता. दुसऱ्याबद्दल मला एवढेच ठाऊक आहे की माझे बाबा गात नसणार; त्यांना सूर धरता येत नसे आणि चर्चमध्येही ते नुसते ओठ हलवत. दगडावर नावे असावीत, आणि त्यांना विचारले तेव्हा ते हो म्हणाले, एवढे असावे. याहून एक शब्द जास्त कोरला तर शेत थोरल्या मुलाकडे जावे.

माझी अट जाचक आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी पुढची गोष्ट सांगते. आजच्या तरुणांतल्या फार थोड्यांना ती माहीत आहे.

एल्डर मिन म्हातारपणी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मंडळी रोज भेटायला जायची. फळे न्यायची, गायची. एका सकाळी त्यांची सून आमच्या फाटकाशी आली. खळ्यावरच्या दिवसानंतर त्या घरातले कोणी आमच्याकडे पहिल्यांदाच येत होते. "बाबा तुम्हाला बोलावताहेत," ती आईला म्हणाली. आईने हातातले भांडे ठेवले आणि निघाली. मी बरोबर होते.

त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. चेहरा मेणासारखा झाला होता.

"इप्पुनच्या आई, सगळे म्हणतात मी बरा दिसतो. तुम्ही सांगा."

आई जवळ बसली आणि तिने नीट बघितले. "तुम्ही जाताय, एल्डर. फार दिवस नाहीत."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला वाटले गेलेच. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. "किती दिवसांत कुणी माझ्याशी बोललंच नव्हतं," ते म्हणाले. मग मान आईकडे वळवून, "आणि त्या सकाळचं?"

"त्या सकाळी तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलंत."

"सांगितलं. आणि तुम्ही नाही म्हणालात, म्हणून तुम्हाला इतकी वर्षं वाळीत टाकलं. भीती वाटते हो मला आता. त्याच्यासमोर काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच सांगा," आई म्हणाली. "त्याला ते माहीतच आहे. मी बसते इथे, तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितले. आई त्यांचा हात धरून बसली. त्यांनी काय म्हटले ते मी इथे लिहीत नाही. ते माझ्याशी बोलत नव्हते. रविवारी त्यांनी स्वतःला उचलून चर्चमध्ये न्यायला लावले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या मंडळीत मला मरताना जवळ हवंसं वाटावं असं एकच माणूस निघालं, आणि त्याच माणसाला आपण एकटं बसवलं." मग मुलाला म्हणाले, "माझी चटई तिच्या शेजारी घाल." आई थोडी सरकली आणि त्यांच्यासाठी गीताचे पान उघडून धरले.

माझी आई चू वोल्ये, दारावरचा नवऱ्याचा आवाज शेवटपर्यंत कानात ठेवून जगली. तिच्याहून शूर माणूस मी पाहिलेला नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दोन्ही मुलांनी मिळून, न भांडता करावी. भांडण झालेच तर झाले म्हणून सांगावे, लपवू नये.

वरील सर्व मजकूर श्री. सक यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलंत" याच्या जागी त्यांनी "तुम्ही गैरसमजातून आग्रह धरलात" असे घातले होते, आणि माझ्या प्रकृतीपुढे "समाधानकारक" लिहिले होते. दोन्ही बदल माझ्या सांगण्यावरून खोडून मूळचे शब्द परत लिहिले आहेत. आता मजकूर बरोबर आहे. खाली माझा शिक्का उठवत आहे.

बान इप्पुन (शिक्का)

साक्षीदार:
प्यो जंगग्यू, औषध दुकानदार, सोल्मे (सही)
ह्यन माल्सुन, निवृत्त शिक्षिका, सोल्मे (सही)

नोटरी: सक उंगिल

स्थळ: सोल्मे, नोटरींचे कार्यालय
दिनांक: २१ नोव्हेंबर २००८